शून्यही ठेवा, शेपटीही ठेवा : आरोग्यखर्चाचे अहवाल मागवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
आरोग्य खात्यांचे नियोजन अधिकारी, विमा योजनांची मंडळे आणि रुग्णालयांचे वित्त विभाग यांस

सप्रेम नमस्कार.

आपल्या टेबलावर येणाऱ्या खर्चाच्या अहवालांत पहिल्या दोन-तीन पानांत एक वाक्य हमखास असते: ‘शून्य खर्चाच्या नोंदी आणि वरच्या 1 टक्क्यातील टोकाच्या नोंदी वगळून विश्लेषण केले आहे.’ वाचताना ते नीटनेटकेपणाचे लक्षण वाटते आणि नजर पुढच्या तक्त्याकडे जाते. पण आरोग्यखर्चाच्या आकडेवारीत जे काही समजून घ्यायचे असते, त्यातले बरेचसे या दोन टोकांनाच, म्हणजे शून्यांत आणि थोड्या पण फार मोठ्या रकमांच्या ‘शेपटीत’, असते. ती टोके कापली की उरलेला मधला भाग दिसायला सुबक आणि निर्णयासाठी जवळपास निरुपयोगी असतो. असे अहवाल यापुढे मंजूर करू नका, ही विनंती करण्यासाठी हे पत्र आहे.

दहा माणसांचा वर्षाचा खर्च घेऊ. चलन कोणतेही समजा. चौघांचा 0, बाकीच्यांचा 200, 400, 600, 800, 3,000 आणि 45,000. बेरीज 50,000, सरासरी 5,000, मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी रक्कम) 300. आता वरची नोंद ‘टोकाची’ म्हणून काढली, तर नऊ जणांची सरासरी येते 556. शून्ये काढून वरची नोंद ठेवली, तर सहा जणांची सरासरी 8,333. तीच माणसे, तीच बिले. अहवाल लिहिणाऱ्याने काय वगळले यावर 556 ते 8,333 यांपैकी कोणताही आकडा छापता येतो. पुढच्या वर्षी अशाच 10,000 लोकांसाठी तरतूद करायची असेल, तर उपयोगी पडणारा आकडा एकच आहे: 5,000. कारण सरासरीला माणसांच्या संख्येने गुणले की एकूण खर्च परत मिळतो. मध्यकाला गुणून काहीच मिळत नाही. ‘डेटा विषम आहे म्हणून मध्यक दिला’ हे कारण इतर ठिकाणी चालेल. पैशाची तरतूद करायची असते तिथे चालत नाही.

हे उदाहरण मुद्दाम ताणलेले वाटेल, म्हणून प्रत्यक्षातले सांगतो. अमेरिकेत घरोघरी जाऊन केली जाणारी वैद्यकीय खर्चाची राष्ट्रीय पाहणी 1996 पासून चालू आहे. तिच्यात वर्षानुवर्षे तेच चित्र दिसते: सर्वाधिक खर्चाच्या 5 टक्के लोकांवर एकूण खर्चाचा जवळपास अर्धा भाग जातो, सर्वांत वरच्या 1 टक्क्यावर सुमारे एक पंचमांश, आणि खालच्या अर्ध्या लोकसंख्येवर जेमतेम 3 टक्के. म्हणजे ‘वरचा 1 टक्का वगळला’ असे कोणी लिहिले, तर त्याने पाचातला एक पैसा हिशेबाबाहेर टाकला असे समजावे.

मोठी नोंद चुकीची असू शकते, हे खरेच. पण चूक आहे का, हे रकमेच्या आकारावरून ठरत नाही; बिल उघडून ठरते. आधी बाबनिहाय ओळींची बेरीज एकूण रकमेशी जुळते का ते पाहावे. मग भरतीचे दिवस आणि खाटभाडे यांचा मेळ बसतो का, एकच क्लेम दोनदा चढला आहे का, दशांशचिन्ह सरकले आहे का. सर्वांत जास्त फसगत होते ती उलट नोंदींत. क्लेम नाकारून पुन्हा दाखल झाला की फाइलमध्ये तीन ओळी दिसतात: मूळ अधिक रक्कम, तिला रद्द करणारी उणे रक्कम आणि नवी अधिक रक्कम. कोणी ‘उणे रक्कम असूच शकत नाही’ म्हणून मधली ओळ उडवली, की एकाच उपचाराचा खर्च दुप्पट होतो. म्हणून आधी क्लेम क्रमांकावर सर्व ओळींची बेरीज करायची, मग व्यक्तीवर, आणि टोकाच्या नोंदी तपासायच्या त्यानंतर. इतके करूनही जी रक्कम टिकते, ती खरी आहे. अतिदक्षता विभागातले दोन महिने, अवयव प्रत्यारोपण, वेळेआधी जन्मलेले बाळ यांची बिले अशीच असतात. एखाद्या कारणासाठी वरची मर्यादा घालावीच लागली, तर मर्यादेवरची किती रक्कम कापली गेली आणि ती किती माणसांची होती, हे दोन आकडे त्याच तक्त्याखाली हवेत.

रक्कम कोणती, हेही तक्त्याच्या मथळ्यातच लिहायला सांगा. रुग्णालयाने लावलेले बिल, योजनेने मंजूर केलेली रक्कम, प्रत्यक्ष अदा झालेली रक्कम, रुग्णाने खिशातून भरलेला वाटा आणि रुग्णालयाला आलेला खरा खर्च हे पाच वेगळे आकडे आहेत. त्यांपैकी कोणताही ‘खर्च’ या एकाच नावाने अहवालात येतो आणि मग दोन अहवालांची तुलना करणारे व्यर्थ भांडत बसतात.

आता शून्याकडे. फाइलमध्ये 0 एकच दिसतो, पण तो तीन वाटांनी आलेला असतो. माणूस वर्षभर धडधाकट होता, हा पहिला. दुखणे होते पण तो गेलाच नाही, कारण अंतर, मजुरी बुडणे, पैसे किंवा भीती, हा दुसरा. आणि तो गेला होता पण आपल्या नोंदीत आला नाही, कारण त्याने दुसरीकडे खिशातून पैसे भरले किंवा तो योजनेत मुळी ऑक्टोबरात दाखल झाला, हा तिसरा. तिसऱ्या प्रकारावर सरळ उपाय आहे. छेद (ज्या संख्येने भागायचे ती) सभासदांच्या नोंदवहीतून घ्यायचा, क्लेमच्या फाइलमधून घ्यायचा नाही. क्लेमच्या फाइलमध्ये जो आजारी पडला तोच असतो; तिच्यातली माणसे मोजून काढलेली ‘दरडोई’ सरासरी नेहमी फुगलेली येते. शिवाय छेद माणसांत न मोजता माणूस-महिन्यांत मोजावा. तीन महिन्यांपुरता सभासद असलेल्याला 3, वर्षभर असलेल्याला 12. दुसऱ्या प्रकारच्या शून्याबद्दल शेवटी लिहितो, कारण त्याला गणिताने हात लावता येत नाही.

शून्य आणि लांब शेपूट असलेल्या डेटावर साधे रिग्रेशन (इतर गोष्टींवरून खर्चाचा अंदाज बांधणारे समीकरण) बसत नाही, म्हणून बरेच विश्लेषक मोठ्या रकमा दाबण्यासाठी रकमांचा लॉग (लॉगरिदम) घेतात. लॉगला शून्य चालत नाही, म्हणून प्रत्येक रकमेत 1 मिळवतात. ही सवय किती महागात पडते ते वरच्याच दहा जणांवर करून पाहा. प्रत्येक रकमेत 1 मिळवून लॉग घ्या, त्यांची सरासरी काढा, ती लॉगमधून परत आणा आणि 1 वजा करा. उत्तर येते सुमारे 73. आता त्याच रकमा हजारांत लिहा: 0.2, 0.4, 0.6, 0.8, 3, 45. तीच कृती पुन्हा करा. उत्तर येते 0.972 हजार, म्हणजे 972. एकक बदलले आणि उत्तर तेरा पटींनी हलले. शिवाय दोन्ही उत्तरे 5,000 च्या आसपासही नाहीत. ज्या पद्धतीचे उत्तर रक्कम एककात लिहिली की हजारांत यावर ठरते, तिच्यावर कुणाचीही तरतूद ठरू नये.

शून्ये बाजूला ठेवून फक्त खर्च झालेल्यांचा लॉग घेतला, तरी परतीच्या वाटेवर खड्डा आहेच. सहा जणांच्या लॉगची सरासरी परत आणली की 1,316 मिळतात. खरी सरासरी 8,333 आहे. लॉगच्या सरासरीतून मिळतो तो गुणोत्तर मध्य, आणि तो नेहमी खाली असतो. ही तूट भरून काढण्यासाठी नाइहुआ दुआन यांनी 1983 मध्ये ‘स्मिअरिंग’ची पद्धत मांडली: प्रत्येकाचा लॉगमधला अवशेष (प्रत्यक्ष उणे अंदाज) परत आणायचा, त्यांची सरासरी काढायची आणि तिने अंदाजाला गुणायचे. आपल्या सहा जणांसाठी तो गुणक 6.33 येतो. पण एकच गुणक सर्वांना लावणे तेव्हाच बरोबर, जेव्हा लॉगमधला पसारा सर्व गटांत सारखा असतो. समजा, दोन गटांची लॉगमधली सरासरी अगदी सारखी आहे, पण विचरण (पसाऱ्याचे माप) एकात 1 आणि दुसऱ्यात 2 आहे. लॉगचे रिग्रेशन सांगेल की फरक नाही. लॉगमधले वितरण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचे) धरले, तर प्रत्यक्ष सरासरी खर्च दुसऱ्या गटात सुमारे 65 टक्क्यांनी जास्त असतो. सगळा फरक शेपटीत लपलेला, आणि लॉगने शेपूटच दाबलेली. उपचाराची नवी पद्धत जेव्हा बहुतेकांना स्वस्त आणि काही थोड्यांना फार महाग पडते, तेव्हा नेमके हेच होते.

मग करायचे काय? दोन भागांचे मॉडेल. पहिल्या भागात खर्च झाला की नाही याची संभाव्यता, दुसऱ्या भागात झाला असेल तर किती. दोन्हींचा गुणाकार म्हणजे दरडोई अपेक्षित खर्च. आपल्या उदाहरणात 0.6 गुणिले 8,333 म्हणजे पुन्हा 5,000. या विचाराला मोठे बळ मिळाले ते 1974 ते 1982 या काळात अमेरिकेत झालेल्या रँड आरोग्यविमा प्रयोगातून. त्यात कुटुंबांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वेगवेगळ्या विमा योजनांत वाटले होते. कुणाला सगळे फुकट, कुणाला एका वार्षिक मर्यादेपर्यंत 95 टक्के वाटा खिशातून. तिथल्या विश्लेषकांनी तर चार भाग केले होते, कारण ओपीडीपुरता खर्च आणि भरतीचा खर्च यांच्या तऱ्हाच निराळ्या आहेत.

दुसऱ्या भागासाठी आज बहुतेक ठिकाणी लॉग जोडणीचे, गॅमा कुळातले (सरासरी वाढली की पसाराही वाढतो असे धरणारे) सामान्यीकृत रेषीय मॉडेल वापरतात. त्यात सरासरीचाच लॉग घेतलेला असल्याने परतीच्या गुणकाची गरज पडत नाही. पण गॅमा सवयीने निवडू नये. कोणते कुळ बसते हे सांगणारी पार्क चाचणी दहा मिनिटांचे काम आहे: मॉडेल बसवून अवशेषांचे वर्ग करा, त्यांच्या लॉगचे अंदाजित खर्चाच्या लॉगवर रिग्रेशन करा आणि उतार पाहा. 0 च्या जवळ असेल तर प्रसामान्य, 1 असेल तर पॉसाँ, 2 असेल तर गॅमा, 3 असेल तर व्यस्त गाउसीय. मग अंदाजित खर्चानुसार लोकांचे दहा समान गट पाडून प्रत्येक गटात प्रत्यक्ष आणि अंदाजित सरासरी शेजारी शेजारी मांडा. आम्हाला एकच तक्ता मागायचा झाला तर आम्ही हा मागू. बहुतेक मॉडेल मधल्या आठ गटांत छान बसतात आणि वरच्या गटात कोसळतात. पैसा वरच्याच गटात असतो. फरकाची विश्वास-मर्यादा (अंदाज किती मागेपुढे असू शकतो ती कक्षा) काढताना बूटस्ट्रॅपच्या, म्हणजे नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा यादृच्छिक उचल करण्याच्या, प्रत्येक फेरीत दोन्ही भाग पुन्हा बसवायला हवेत, आणि उचल ओळींची न करता माणसांची करायची. एकाच रुग्णालयातले रुग्ण एकमेकांसारखे वागतात, म्हणून तुलना रुग्णालयांची असेल तर उचलही रुग्णालयांची.

भेटींची संख्या मोजताना अडचण तीच, रूप वेगळे. पॉसाँ वितरणात विचरण सरासरीइतकेच धरलेले असते. प्रत्यक्षात काही जण वर्षातून चाळीस वेळा येतात आणि विचरण सरासरीच्या कित्येक पट निघते. तिथे जादा विचरण सामावणारे ऋण द्विपद वितरण किंवा ‘भेट झाली का’ आणि ‘किती झाल्या’ हे वेगळे करणारे हर्डल मॉडेल वापरावे. पहिली भेट रुग्ण ठरवतो, पुढच्या भेटी बऱ्याचदा डॉक्टर ठरवतात, म्हणून दोन टप्पे वेगळे ठेवणे अर्थाच्या दृष्टीनेही योग्य.

नमुन्याच्या आकाराबद्दल मंडळांच्या बैठकीत फार क्वचित विचारले जाते. ते विचाराच. वार्षिक खर्चाचे प्रमाण विचलन (विचरणाचे वर्गमूळ) सरासरीच्या चौपट असणे मुळीच नवल नाही. तसे असेल, तर 400 लोकांच्या पाहणीत सरासरीची विश्वास-मर्यादा दोन्ही बाजूंना 39 टक्के पसरते. दोन गटांतला 10 टक्के फरक नेहमीच्या 80 टक्के ताकदीने (म्हणजे फरक खरोखर असेल तर तो दिसण्याची शक्यता 80 टक्के) पकडायचा, तर प्रत्येक गटात सुमारे 25,000 माणसे लागतात. दोनशे-दोनशे रुग्णांच्या चाचणीतून ‘खर्चात लक्षणीय फरक नाही’ असा निष्कर्ष येतो, तेव्हा फरक नाही हे सिद्ध झालेले नसते. पाहणीला तो दिसण्याची ताकदच नव्हती.

शेपूट मुद्दाम कापली नाही, तरी वेळेमुळे ती आपोआप कापली जाते. लहान क्लेम पटकन येतात. मोठ्या भरतीच्या बिलावर शंका निघतात, कागद मागवले जातात आणि ती फाइल महिनोन्‌महिने अडकते. वर्ष संपल्यावर दुसऱ्याच महिन्यात काढलेला अहवाल म्हणूनच नेहमी स्वस्ताई दाखवतो. हिशेब सेवेच्या तारखेने लावावा, रक्कम अदा झाल्याच्या तारखेने नको. आणि मागच्या वर्षांत किती महिन्यांनी किती टक्के रक्कम आली होती, त्यावरून न आलेल्या क्लेमची भर घालावी. विमागणिती हे काम रोज करतात.

मृत्यूचे आणि अर्धवट पाठपुराव्याचेही तसेच. ज्यांचा पाठपुरावा मध्येच तुटला, त्यांना वगळून सरासरी काढणे चूक. त्यांचा अर्धा खर्च पूर्ण धरणेही चूक. काही जण जगण्याची संभाव्यता काढण्याच्या कॅप्लान-मायर पद्धतीत वेळेच्या जागी खर्च घालतात. तेही फसते, कारण ज्याचा खर्च झपाट्याने होतो तो पाठपुरावा तुटतानाही जास्त खर्चावर असतो आणि शेवटापर्यंतही जास्तच खर्चावर पोहोचतो. पाठपुरावा तुटणे खर्चापासून स्वतंत्र राहत नाही. 1997 मध्ये लिन आणि सहकाऱ्यांनी सुचवलेला मार्ग सोपा आहे: काळाचे महिन्या-महिन्याचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला हयात आणि नजरेखाली असलेल्यांचा त्या तुकड्यातला सरासरी खर्च काढा, तो त्या वेळेपर्यंत जगण्याच्या संभाव्यतेने गुणा आणि बेरीज करा.

घरोघरच्या पाहणीत टोके उलट फुगतात. समजा, बारा कुटुंबांना वर्षातून एकेकदा 6,000 खर्च येतो, प्रत्येकाला वेगळ्या महिन्यात. पाहणीत ‘गेल्या 30 दिवसांत किती?’ असे विचारून उत्तराला 12 ने गुणले. एका कुटुंबाचे 72,000 झाले, अकरा कुटुंबांचे 0. बेरीज अचूक आली. पण प्रत्येकाचा वार्षिक घरखर्च 1,00,000 असेल, तर खरा भार सगळ्यांवर 6 टक्के होता आणि आरोग्यखर्चाचा भार असह्य मानण्याची 10 टक्क्यांची सीमा कुणीच ओलांडली नव्हती. पाहणी मात्र सांगते की एका कुटुंबाचे कंबरडे मोडले आणि अकरांना दवाखान्याची पायरीही चढावी लागली नाही. सरासरीसाठी बरी असलेली पद्धत उंबरठा ओलांडणाऱ्यांची संख्या मोजायला वापरू नये. आठवणीचा काळ बदलला की जुन्या पाहणीशी तुलनाही थांबवावी.

महागड्या रुग्णांसाठी खास योजना आखणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. यंदा शेपटीत असलेल्यांपैकी बरेच जण पुढच्या वर्षी आपसूक खाली येतात. अपघात बरा होतो, शस्त्रक्रिया एकदाच असते. डायलिसिसवरचा रुग्ण वरच राहतो, पण तसे थोडे. त्यामुळे ‘आधी आणि नंतर’ अशी तुलना केली, की कोणतीही योजना यशस्वी ठरते. अमेरिकेतल्या कॅम्डेन शहरात वारंवार भरती होणाऱ्या रुग्णांना घरी जाऊन मदत करणारा कार्यक्रम फार नावाजला गेला होता. 2014 ते 2017 मध्ये 800 रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली गेली आणि निकाल 2020 मध्ये छापून आला: 180 दिवसांत पुन्हा भरती होण्याचे प्रमाण मदत मिळालेल्यांत 62.3 टक्के, न मिळालेल्यांत 61.7 टक्के. मदत मिळालेल्यांच्या फक्त आधीच्या आणि नंतरच्या सहा महिन्यांची तुलना केली असती, तर भरती 38 टक्केबिंदूंनी घटलेली दिसली असती. तुलनागटातही तेवढीच घट झाली होती. निष्ठेने काम करणाऱ्या माणसांचे श्रम कुठे लागू पडतात आणि कुठे नाही, हे कळण्यासाठी तुलनागट लागतो. योजना सुरू करण्यापूर्वी तो ठरवा. नंतर तो शोधून सापडत नाही.

आता तो दुसरा शून्य, गरज असून न गेलेल्याचा. खर्चाचा आकडा गरज म्हणून वापरला की काय होते, हे 2019 मध्ये अमेरिकेत उघड झाले. कुणाला जादा देखरेख द्यायची हे ठरवणारी एक संगणकीय पद्धत येणाऱ्या खर्चाचा अंदाज बांधत होती. तिचे खर्चाचे अंदाज बरोबर होते. पण कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारात कमी खर्च होत होता, म्हणून समान गुणांकावर ते जास्त आजारी निघाले. हा कल दुरुस्त केला असता, तर जादा देखरेख मिळणाऱ्यांत त्यांचे प्रमाण 17.7 वरून 46.5 टक्क्यांवर गेले असते. मॉडेलमध्ये सांख्यिकी चूक नव्हती. ‘खर्च’ हा शब्द ‘आजार’ या शब्दाच्या जागी बसवला, तिथे चूक झाली. ज्या वस्तीचा खर्च कमी, तिला कमी निधी, आणि निधी कमी म्हणून पुढच्या वर्षी खर्च आणखी कमी, हे चक्र कुठल्याही दरडोई वाटपात सुरू होऊ शकते.

म्हणून पुढचा अहवाल मागवताना कामाच्या अटींतच चार गोष्टी लिहा. किती नोंदी वगळल्या, का, आणि त्यांची एकूण रक्कम किती. शून्य खर्चाच्या सभासदांची संख्या, वय आणि वस्तीनुसार. दहा गटांचा प्रत्यक्ष-अंदाजित तक्ता. आणि शून्यांपैकी यादृच्छिक निवडलेल्या काही शे सभासदांना विचारलेले दोन प्रश्न: गेल्या बारा महिन्यांत दवाखान्यात जायची गरज वाटली, पण गेला नाहीत, असे झाले का? झाले असेल, तर कशामुळे? त्या उत्तरांचा तक्ता खर्चाच्या मुख्य तक्त्याशेजारी, त्याच पानावर छापा.

आपले,
आरोग्यखर्चाच्या आकडेवारीवर काम करणारे विश्लेषक